मागचा डिफ वेल्ड केलेली जिप्सी रोज ऑफिसला न्यावी का?

पत्र असं आलंय:

"ताई, मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस महापेला. यंदा जुनी जिप्सी घेतली, एमएच ०४ पासिंग, थोडी लिफ्ट (उंच) केलेली, टायर स्टॉक म्हणजे कंपनीच्या साईजचेच. घेतल्यावर कळलं की आधीच्या मालकाने ऑफरोडसाठी मागचा डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) वेल्ड करून घेतलाय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना टायर ओरडतात आणि गाडी मागून उड्या मारते. मेकॅनिक म्हणतो काही होत नाही, ऑफरोडवाली पोरं सगळी असंच फिरतात, सवय होईल. सवय झालीही होती. पण गेल्या आठवड्यात पावसात कापूरबावडीला सिग्नल सुटल्यावर वळताना मागची बाजू एकदम फिरली, शेजारी बाईकवाला होता, थोडक्यात वाचला. महिन्यातून एकदा ग्रुपबरोबर चिखलात जातो तिथे हीच गाडी कमाल चालते म्हणून काढून टाकायचं मन होत नाही. आणि अजून एक, कधीकधी बाबा पण चालवतात, आईला घेऊन जातात. काय करू?"

आधी उत्तर देते, कारणं नंतर. रोज नेऊ नकोस. मागे साधा डिफ बसवून घे आणि वेल्ड केलेला फेकू नकोस, ठेव, त्याचं काय करायचं ते खाली सांगते. आणि डिफ बदलेपर्यंत बाबांनी ती गाडी चालवायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सुद्धा नाही. तू पत्रात बाबांचं शेवटी जाता जाता लिहिलंयस पण मला ते सगळ्यात आधी दिसलं.

आता कारणं. पार्किंगमधलं ओरडणं आणि कापूरबावडीचं फिरणं या तुला दोन वेगळ्या गोष्टी वाटतायत, एक नुसती कटकट आणि एक अपघात होता होता राहिलेला. दोन्हीचं मूळ एकच आहे आणि ते नीट कळलं की मेकॅनिकशी वाद घालायची गरजच पडणार नाही तुला.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त ते फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर आणि तू किती अंशात वळलास त्यावर ठरतं, वळण मोठं आहे की छोटं याच्याशी त्याचा संबंध नाही. जिप्सीच्या मागच्या दोन चाकांत साधारण १.३ मीटर अंतर आहे, म्हणजे काटकोनात एकदा वळलास की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण २ मीटर जास्त चालणार, यू टर्न मारलास की ४ मीटर. आणि तुझ्या २०५/७० आर १५ टायरचा घेर आहे २.१ मीटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक काटकोनाला बाहेरच्या चाकाने जवळजवळ एक अख्खी फेरी जास्त मारायला हवी. साधा डिफ हेच काम करतो, आतली स्टार गियर फिरतात आणि दोन चाकांना आपापल्या वेगाने जाऊ देतात. तुझ्या गाडीत ती स्टार गियर वेल्डिंगने एकमेकांना आणि केसला चिकटवून टाकलीत त्यामुळे दोन्ही चाकं कायम सारख्याच वेगाने फिरणार. मग ती एक फेरी जाणार कुठे? टायर रस्त्यावर घासतो, तिथेच जाते ती. आतलं चाक गरजेपेक्षा जास्त फिरतं, बाहेरचं कमी फिरतं, दोघं मिळून ते २ मीटर घासून काढतात. घासण्याआधी काही क्षण टायर रस्त्याला धरून ठेवतो, तेवढ्यात एक्सल शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) पिळले जातात, मग पकड सुटते, पीळ सुटतो, परत धरतं. तुझ्या उड्या म्हणजे हेच. त्यात जिप्सीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, तेही या ओढाताणीत पिळतात आणि उडी अजून मोठी वाटते.

लोकलच्या डब्याची चाकं बघ, दोन चाकं एकाच एक्सलवर घट्ट बसवलेली असतात, डिफ वगैरे काही नाही. पण त्या चाकांचा घेर किंचित उतरता केलेला असतो, वळणावर जोडी थोडी बाहेर सरकली की बाहेरचं चाक आपोआप मोठ्या घेरावर चालतं आणि फरक भरून निघतो, आणि जिथे वळण फारच आवळलेलं असतं तिथे ते पुरत नाही म्हणून ती चिरकणारी किंचाळी ऐकू येते. रबरी टायरला असला उतार नसतो, त्यामुळे तुझी गाडी सोसायटीच्या प्रत्येक वळणावर किंचाळणारच.

कोरड्या रस्त्यावर या सगळ्यात मार बसतो तो शाफ्टला, बेअरिंगला आणि टायरला. ओल्या रस्त्यावर मार बसतो तो ड्रायव्हरला. हे दुसरं नीट वाच.

टायरकडे पकड ठरावीकच असते आणि ती दोन कामात वाटली जाते, पुढे ढकलणं आणि आडवं न घसरणं. साध्या डिफमध्ये ओल्या वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिलास तर आतलं चाक, ज्याच्यावर वळताना वजन कमी असतं, ते आधी सुटतं आणि नुसतं जागच्या जागी फिरायला लागतं. साधा डिफ दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, त्यामुळे आतलं सुटलं की बाहेरच्याला मिळणारा जोरही तेवढाच कमी होतो आणि बाहेरचं चाक शांतपणे गाडीला आडवं जाण्यापासून धरून ठेवतं. तुला फक्त एवढं जाणवतं की चाक फिरतंय आणि गाडी ओढत नाहीये. चिखलात हाच साध्या डिफचा दोष, आणि रस्त्यावर पावसात हीच त्याची राखण. वेल्ड केल्यावर ती राखण गेली. आता दोन्ही चाकं एकदम सुटतात, आणि दोन्ही सुटली की मागच्या बाजूला आडवं धरणारं कोणीच उरत नाही.

कापूरबावडीला काय झालं असेल ते मी सांगते, जुळतंय का बघ. सिग्नल सुटला, तू वळायला घेतलंस, गाडी वळायला नाखूष होती कारण बांधलेली मागची चाकं गाडीला सरळच ढकलत असतात, म्हणून तू स्टीयरिंग अजून फिरवलंस, मागून हॉर्न, म्हणून थोडा ॲक्सिलरेटर वाढवलास, आणि त्याच क्षणी मागची दोन्ही चाकं सुटली, पुढची चाकं मात्र भरपूर वळवलेली होती, त्यामुळे गाडी एकदम आत फिरली. आधी वळत नाही, मग गरजेपेक्षा जास्त वळते, आणि दोन्हीच्या मध्ये तुला विचार करायला वेळच मिळत नाही. त्यात जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिलिमीटर, म्हणजे आखूड, आखूड गाडी पटकन फिरते. मागे कोणी बसलेलं नसेल तर मागचं वजनही कमी. आणि तुझी लिफ्ट केलेली. उंच गाडी आडवी घसरत जाऊन डिव्हायडरला किंवा खड्ड्याच्या काठाला चाक अडकलं तर ती नुसती फिरून थांबत नाही, उलटू शकते. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, असं होतं म्हणून सांगतेय.

आणि तुझा रोजचा रस्ता बघ ना. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामामुळे डायव्हर्जन, कुठे डांबर कुठे काँक्रीट कुठे पेव्हर ब्लॉक, मध्येच लोखंडी प्लेट टाकलेली, पाऊस पडला की त्या प्लेटवर काही म्हणजे काही पकड नसते. मग माजिवडा, कळवा पुलाची वळणं, विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली पाणी, पुढे ठाणे-बेलापूर रोडला कंटेनर आणि टँकरचं सांडलेलं डिझेल. एक चाक पाण्यात एक कोरड्यावर असं तर दर पाच मिनिटांनी होतं, आणि बांधलेल्या एक्सलला तेव्हा कोरड्यावरचं चाक जास्त ढकलतं, गाडी एका बाजूला ओढली जाते. या सगळ्यात तुझ्या मागच्या चाकाच्या शेजारी हातभर अंतरावर कायम कोणीतरी स्कूटरवर असतं. त्या माणसाला माहीत नाही की तुझ्या गाडीत काय केलंय. पत्रातल्या बाईकवाल्यालाही माहीत नव्हतं.

आता तुझ्या मेकॅनिकचं. तो खोटं बोलत नाहीये, ऑफरोडवाली बरीच पोरं खरंच वेल्ड करतात आणि त्यांचं चालतं, पण कुठे चालतं ते बघ. चिखलात, वाळूत, सुट्या दगडांवर टायर मुळातच घसरत असतो, तो २ मीटरचा फरक माती सरकून निघून जातो, शाफ्टला पीळ बसत नाही, वेग असतो पायी चालण्याचा. ड्रिफ्टवाल्यांचंही तसंच, त्यांना मागची दोन्ही चाकं एकदम सुटायलाच हवी असतात, बंद ट्रॅक असतो, हेल्मेट असतं, रोल केज (उलटल्यावर वाचवणारा लोखंडी सांगाडा) असतो, शेजारी स्कूटर नसते. आणि ज्यांना परवडतं ते अशी गाडी फ्लॅटबेड ट्रकवर टाकून नेतात. "सगळे फिरतात" यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठे आणि कसे फिरतात हा आहे आणि तोच वाक्यातून गळलाय. सवय होण्याचं म्हणशील तर सरळ रस्त्यावर वेल्ड केलेला डिफ साध्यासारखाच वाटतो, ठाणे-बेलापूर रोडला ६० ने जाताना तुला काहीच कळणार नाही, म्हणूनच सवय लवकर होते. कोरड्यात वळायची सवय झाली म्हणून ओल्यात सुटायची सवय होत नाही रे, ती गोष्ट वेगळीच आहे.

आता वेल्डबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही आणि मला यातच जास्त काळजी वाटते. डिफची गियर मिश्र धातूच्या पोलादाची असतात आणि वरून कडक केलेली असतात. असल्या पोलादावर आधी तापवून न घेता सरळ वेल्डिंग मारलं आणि तसंच उघड्यावर थंड होऊ दिलं तर वेल्डच्या कडेचा भाग ठिसूळ होतो, बारीक चिरा पडतात, काही लगेच आणि काही नंतर, रोजच्या पिळाने. गियर ऑईलात भिजलेले भाग नीट न धुता वेल्ड केले असतील तर अजूनच वाईट. हे काम करणारा चांगला असेल तर पार्ट पूर्ण खोलतो, साफ करतो, बेअरिंग काढून ठेवतो, तापवतो, सगळीकडून सारखं वेल्ड मारतो, झाकून हळू थंड करतो. बाकीचे घाईत दोन-चार टाके मारून देतात. तुझ्याकडे कुठलं आहे ते तुला माहीत नाही, कारण तू ते काम होताना बघितलेलं नाहीस. वेल्डचा किंवा गियरच्या दाताचा तुकडा सुटून क्राउन आणि पिनियन या डिफमधल्या दोन मुख्य गियरच्या मध्ये गेला तर मागची दोन्ही चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात. आणि अजून एक प्रकार, वेल्ड अर्धवट तुटलं तर कधी बांधलेलं कधी मोकळं असं वागतं, ते तर सगळ्यात घातक, कारण एकाच वळणावर गाडी दोन दिवस दोन तऱ्हेने वागेल.

म्हणून या शनिवारी दोन कामं कर. सपाट जागी गाडी लाव, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडण) लाव, मागची बाजू जॅकने उचलून एक्सलखाली स्टँड दे, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नकोस. गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक मागचं चाक हाताने फिरव. साधा डिफ असता तर दुसऱ्या बाजूचं मागचं चाक उलट फिरलं असतं, वेल्ड असेल तर त्याच दिशेने एकदम बरोबर फिरेल. आता एक चाक कोणाला तरी घट्ट धरायला सांग आणि दुसरं दोन्हीकडे हलवून बघ. नीट वेल्ड असेल तर जेमतेम हलेल. सैल लागलं, टक टक आवाज आला, किंवा एका दिशेला जास्त हललं, तर वेल्ड सुटत चाललंय किंवा शाफ्टच्या स्प्लाइनला (टोकावरच्या खाचांना) झीज आहे असं समज आणि गाडी तिथेच उभी कर. त्या दिवसापासून रिक्षा नाहीतर बस.

दुसरं काम, मागच्या डिफचं गियर ऑईल स्वच्छ ट्रेमध्ये काढ आणि जुन्या पातळ कापडातून गाळ. ड्रेन प्लगवर राखाडी पेस्टसारखं थोडं चिकटलेलं असणं ठीक आहे, तेवढी झीज सगळ्याच गाड्यांत असते. चमकणारे पापुद्रे, तांदळाएवढे कण, वेल्डचे गोळे दिसले तर ते ठीक नाही. मागचे दोन्ही टायरही बघ, ट्रेडच्या (टायरच्या नक्षीच्या) कडांना हात फिरव, करवतीसारख्या लागत असतील तर ती घासल्याची खूण.

आता काय बसवायचं. इथे जिप्सीवाल्यांचं नशीब चांगलं आहे. जिप्सीच्या मागच्या एक्सलचा डिफ वेगळ्या कॅरियरमध्ये असतो, क्राउन, पिनियन, स्टार गियर सगळं त्या एकाच तुकड्यात, प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून मागच्या एक्सलला येणारा लांब दांडा) सोडला, दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट बाहेर ओढले, बोल्ट काढले की अख्खा कॅरियर पुढून बाहेर येतो. म्हणजे तुझा वेल्ड केलेला कॅरियर आहे तसा काढून ठेवता येतो आणि दुसरा साधा कॅरियर तिथे बसतो. जुन्या जिप्सींचे कॅरियर मिळतात, कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात विचार, तुझ्या ग्रुपमध्ये विचार, ज्यांनी लॉकर (हवं तेव्हा दोन चाकं बांधणारा डिफ) टाकलेत त्यांच्याकडे साधे पडलेले असतात. घेताना एक गोष्ट विसरू नकोस, क्राउनचे दात आणि पिनियनचे दात मोज आणि तुझ्या पुढच्या डिफशी तेच गुणोत्तर आहे याची खात्री कर, कारण जिप्सी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या इंजिनांसह आली आणि पुढे-मागे गुणोत्तर वेगळं पडलं तर फोर बाय फोर टाकल्यावर गाडी स्वतःशीच भांडेल. अख्खा जुळवलेला कॅरियर घेतलास तर सेटिंगचं काम वाचतं. कोणी म्हणालं तुझंच क्राउन-पिनियन ठेवू आणि फक्त आतला केस आणि स्टार किट बदलू, तर त्याला विचार की बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजणार का आणि दातांवर रंग लावून खूण कुठे उमटते ते बघणार का. "हाताला समजतं" म्हणाला तर तिथे करू नकोस. चुकीचं सेटिंग झालं की ४०-५० च्या पुढे मागून हूं हूं आवाज सुरू होतो आणि तो आपोआप जात नाही, वाढतोच.

एक्सल ओढतानाच दोन्ही शाफ्ट नीट बघून घे. स्प्लाइन सरळ आहेत की पिळलेल्या दिसतायत? पिळलेला शाफ्ट परत वापरायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. ऑईल सील आणि बेअरिंग त्याच वेळी नवीन टाक. ब्रेकची लाईन सोडावी लागली तर ब्लीडिंग (आतली हवा काढणं) करून घे, हे सांगायला लागू नये पण घाईत राहून जातं.

वेल्ड केलेल्या कॅरियरचं म्हणशील तर मला तुझं चिखलाचं वेड कळतं, ते सोड असं मी म्हणणारच नाही. कॅरियर बाहेर आलाच आहे तर त्याची तपासणी करून घे, रबाळे एमआयडीसीत वेल्डिंगची कामं करणारे बरेच आहेत, त्यांच्यापैकी कोणाकडे डाय पेनेट्रंट टेस्ट होते का विचार, लाल रंग मारून पुसतात, वरून पांढरा डेव्हलपर मारतात, चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. चीर निघाली तर तो भंगारात. स्वच्छ निघाला तर ऑईल लावून पिशवीत बांधून ठेव आणि पावसाळ्यात एखादा मोठा इव्हेंट असेल, गाडी फ्लॅटबेडवर जाणार असेल, तेव्हा बसव. दर महिन्याला काढ-घाल करायच्या भानगडीत पडू नकोस, सील जातात, बोल्टचे आटे जातात.

मधल्या काळात साध्या डिफवरही तुझी जिप्सी चिखलात बरंच काही करेल. फोर लोमध्ये (फोर बाय फोरच्या हळू रेंजमध्ये) एक चाक नुसतं फिरायला लागलं की डाव्या पायाने हलका ब्रेक दाब आणि ॲक्सिलरेटर तसाच ठेव, फिरणाऱ्या चाकाला अडथळा आला की डिफ तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही देतो. हवा थोडी कमी कर, टायर चांगले घाल, लाईन नीट निवड. याने साठ-सत्तर टक्के जागी निघशील असं माझं मत, बाकी ठिकाणी विंच किंवा मित्राचा पट्टा. पुढे कधी पैसे जमले तर हवेवर चालणारा लॉकर बघ, बटण दाबलं की लॉक, सोडलं की साधा, महाग आहे पण रस्ता आणि चिखल दोन्ही एकाच गाडीत हवं असेल तर तेच खरं उत्तर. कंपन्यांनीही तेच केलंय, फोर्स गुरखाला पुढे मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक येतात, महिंद्रा थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे असा डिफ येतो की एक चाक फार जोरात फिरायला लागलं की आपोआप लॉक होतो आणि गरज संपली की मोकळा होतो. रस्त्यावर कायम बांधलेला एक्सल देऊन गाडी कोणी विकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक भूमिका घेतली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बदल आधीच्या मालकाने केला असला तरी गाडी आता तुझ्या नावावर आहे. नाक्यावरचा हवालदार डिफ उघडून बघणार नाही हे मला माहीत आहे. पण अपघात झाला आणि कोणाला लागलं तर गाडी तपासली जाते, आणि न सांगितलेला बदल निघाला की इन्शुरन्सवाले क्लेम अडवायला ते कारण वापरतात. तुझी लिफ्टही यातच येते, तिचंही एकदा बघून घे.

तपासणीत वेल्ड सैल निघालं नसेल तर डिफ बदलायला गाडी गॅरेजपर्यंत तर न्यावी लागेलच. ती कशी न्यायची ते सांगते. कोरड्या दिवशी, सकाळी लवकर. टू व्हील ड्राइव्हमध्येच, डांबरावर फोर बाय फोर अजिबात नाही, जिप्सीला मध्ये डिफ नसतो त्यामुळे पुढचा-मागचा एक्सलही एकमेकांशी बांधला जाईल. वळण घेताना ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा, स्टीयरिंग सरळ झाल्याशिवाय जोर द्यायचा नाही. उतारावरच्या वळणात गियर खाली टाकून झटक्यात क्लच सोडायचा नाही, इंजिनचा ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना एकदम लागतो. काही जण सांगतात पार्किंगमध्ये वळताना क्लच दाबून ठेवला की ओरडत नाही, त्याने इंजिन सुटतं पण दोन चाकं एकमेकांना बांधलेलीच राहतात, शाफ्टला मिळायचा पीळ मिळतोच. पंक्चर झालं तर मागे वेगळ्या झिजेची स्टेपनी लावून लांब जाऊ नकोस, दोन टायरच्या घेरात थोडा जरी फरक असला तरी सरळ रस्त्यावर सुद्धा ती ओढाताण चालू राहते. मागच्या दोन्ही टायरात हवा सारखी. गायमुख घाट, मुंब्रा बायपास, येऊरचा रस्ता या दिवसांत नको. आणि चुकून मागची बाजू सुटलीच तर ब्रेकवर उभा राहू नकोस, ॲक्सिलरेटर हळू सोड, जिकडे जायचंय तिकडे बघ आणि स्टीयरिंग तिकडे फिरव, गाडी सरळ व्हायला लागली की स्टीयरिंगही लगेच परत आण, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकते.

बाबांना कसं सांगायचं हा प्रश्न तुला पडला असेल, कारण गाडीत असं काही आहे हे त्यांना बहुतेक माहीतच नाही. सरळ सांग. त्यांनी आयुष्यभर ज्या गाड्या चालवल्या त्या सगळ्यांत मागची चाकं मोकळी होती, ओल्यात चाक फिरलं की पाय थोडा सैल करायचा एवढंच त्यांच्या पायाला माहीत आहे, आणि तेवढं या गाडीला पुरणार नाही. शेजारी आई बसलेली असणार. त्यांना गाडी खाली घेऊन जा, वर लिहिलं तसं चाक फिरवून दाखव, दोन्ही चाकं एका दिशेने फिरताना बघितली की त्यांना जास्त समजवायला लागणार नाही. तोपर्यंत आईला न्यायचं असेल तेव्हा कॅब किंवा रिक्षा, आणि ते पैसे तू दे.

गॅरेजमध्ये काम चालू असताना तिथे थांब, निदान कॅरियर बाहेर येताना आणि आत जाताना. जुने बोल्ट आणि हाऊसिंगचा पृष्ठभाग साफ करून सीलंट लावतायत का, बोल्ट टॉर्क रेंचने आवळतायत का ते बघ. ऑईल ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भर, फिलर प्लगच्या कडेपर्यंत. जुना कॅरियर असेल तर ५०० किलोमीटरनंतर ते ऑईल काढून परत गाळून बघ, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट परत आवळून घे, आणि कापडावर काही चमकलं तर फोटो काढून मला पाठव.